येर्रकुंट्याच्या पटावरचं पाचवं चित्र

मित्रांनो, सतरंजी समजून माझ्यावर बसू नका आणि पडदा समजून मला खिडकीला लावू नका. मी पट आहे. कापडाचा, साडेसात हात लांब, आता थोडा विटलेला. माझ्यावर एकाखाली एक चित्रं आहेत. काठी टेकवत एकेक चित्र दाखवायचं आणि गोष्ट सांगायची, एवढ्यासाठी मला घडवलं. सध्या मी जिल्ह्याच्या गावी, शिक्षकांच्या प्रशिक्षण केंद्रात, काचेमागे टांगलेला आहे. माझ्याखाली पाटी आहे, ‘एक पट, तीन विषय: इतिहास, चित्रकला, भाषा’. येणारे शिक्षक माझा फोटो काढतात, पाटीवरचं वहीत उतरवून घेतात, ‘काय छान कल्पना आहे!’ म्हणतात आणि चहाला जातात.

कल्पना छानच होती. पुढे तिचं काय झालं ते पाटीवर लिहिलेलं नाही.

माझा जन्म येर्रकुंट्याच्या शाळेत झाला. ही कल्पना सुगुणा टीचरची. सातवीची मुलं इतिहासाच्या तासाला पेंगतात, चित्रकलेला तासच नाही आणि भाषेच्या तासाला पाठ केलेला निबंध लिहितात, हे बघून त्यांचा जीव तुटायचा. गावात यादगिरी तात, म्हणजे यादगिरी आजोबा, होते, पट रंगवणाऱ्या घराण्यातले. त्यांचे हात थरथरत, म्हणून त्यांनी कुंचला खाली ठेवला होता. टीचर त्यांना शाळेत घेऊन आल्या. तातांनी खादीचं कापड ताणलं आणि त्यावर भाताची पेज, पांढरी माती, चिंचोक्यांची खळ आणि डिंक यांचे थर चढवले. एक थर वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा.

“शी! टीचर, हे कापड नासलंय!” सायिलु नाक दाबून ओरडला. हा सायिलु वर्गात सगळ्यात बुटका आणि सगळ्यात मोठ्या आवाजाचा.

“नासलं नाही रे बाबा, ते जेवतंय,” तात म्हणाले. “पोट भरलं की रंग धरेल. तू उपाशीपोटी अभ्यास करतोस का?”

मग त्यांनी टीचरना बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली. “पोरी, पट कमी पडला तर खाली जोड शिव. पण रंगवलेला पट मधून कापत नाहीत. आमच्यात तरी नाही.”

टीचरनी मान हलवली. मी ओला होतो, पण मला ते स्पष्ट आठवतं.

इतिहासाचा पाठ असा होता की प्रत्येकाने घरी जाऊन विचारायचं, आपल्या गावात सगळ्यात मोठं काय घडलं? दुसऱ्या दिवशी छत्तीस मुलांनी एकच उत्तर आणलं. तळं फुटलं ते वर्ष. अडतीस वर्षांपूर्वी तळ्याचा बांध फुटला, खालच्या दोन आळ्या वाहून गेल्या, अकरा माणसं गेली. कारणही सगळ्यांनी एकच आणलं होतं. बक्कय्या पाटकरी, म्हणजे तळ्याचं पाणी शेतांना सोडणारा माणूस, पिऊन झोपला. मोरी, म्हणजे तळ्याचं पाणी सोडायचं दार, उघडायला विसरला.

“छत्तीस जणांना सांगणारे छत्तीस जण त्या दिवशी बांधावर होते का?” टीचरनी विचारलं.

टीचरनी खडू खाली ठेवून पुढचा प्रश्न विचारला.

“बक्कय्याच्या घरचं कोणी आहे का गावात?”

“आहे की, बांधफोडीण,” मौनिका म्हणाली आणि लगेच जीभ चावली. “म्हणजे पोशव्वा. त्याची बायको. पण टीचर, तिच्याशी बोललो तर घरी मार बसतो.”

मित्रांनो, त्या दिवशीच्या सुगुणा टीचर मला अजून आवडतात. त्या छत्री उघडून भर उन्हात स्वतः गेल्या आणि पोशव्वाला घेऊन आल्या. म्हातारी व्हरांड्याच्या पायरीशी थांबली. आत ये म्हटलं तरी येईना. शेवटी टीचर स्वतः पायरीवर तिच्याशेजारी बसल्या, मुलं भोवती बसली आणि मी तिथेच भिंतीला टेकून वाळत होतो.

पोशव्वा हळूहळू बोलू लागली. तीन दिवस पाऊस होता. मोरी दोन दिवसांपासून उघडीच होती. तळ्याच्या वरच्या अंगाला गावच्या पटेलांची हळद होती आणि ती बुडायला लागली होती. पाणी झटकन उतरावं म्हणून पटेलांची चार माणसं भर दुपारी कुदळी घेऊन बांधावर आली. पोशव्वा नवऱ्यासाठी ज्वारीची भाकरी आणि चिंचेचं सार घेऊन निघाली होती. तिने सगळं पाहिलं.

“माझा माणूस ओरडत होता, खाली लेकरं आहेत रे, खाली लेकरं आहेत! ते खणत राहिले. पाणी सुटलं तशी माणसं पळाली. हा पळाला नाही. त्या खाचेत उतरून उभा राहिला. माती मागत होता मला. मी पदरातून माती टाकत होते. पदरातून किती माती जाते, बिड्डा?”

आमच्याकडे लेकराला बिड्डा म्हणतात आणि आजीला अव्वा. पोशव्वाला लेकरू नव्हतं. ती सगळ्यांनाच बिड्डा म्हणायची.

“मग तुम्ही हे सांगितलं नाही कोणाला?” टीचरनी विचारलं.

“सांगितलं की. पटेल म्हणाले, बाई शोकाने वेडी झालीय. त्यांनी गावाला महिनाभर जेवू घातलं होतं. ज्याचं खाल्लं त्याला खोटं कोण म्हणेल? तेव्हापासून बतुकम्माच्या सणाला सगळ्या बाया मोरीपाशी फुलं सोडतात आणि मी एकटी पलीकडच्या काठाला सोडते.”

तिने भिंतीला टेकून वाळणाऱ्या माझ्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, “तुम्ही चित्र काढा. मला काही नको. फक्त ज्या दिवशी हा पट सांगाल, त्या दिवशी सगळ्या गावापुढे सांगा. माझ्या माणसाच्या चित्राला गावाने एकदा ऊं म्हणावं.”

हे ‘ऊं’ काय ते तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने प्रत्येक चित्राला हुंकार द्यायचा असतो. ऊं म्हणजे ऐकलं. ऐकलं म्हणजे मानलं. हुंकार आला नाही तर सांगणाऱ्याची काठी पुढच्या चित्रावर जात नाही.

“माझा शब्द, अव्वा,” टीचर म्हणाल्या आणि त्यांनी पोशव्वाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

मग माझे सुखाचे दिवस आले. तातांनी माझ्या माथ्यावर गणपती काढून दिला, पार्श्वभूमीला लाल रंग दिला आणि बाकी सगळं मुलांवर सोडलं. एकूण आठ चित्रं होती. चौथ्यात तुडुंब तळं, पाचव्यात खाचेत उभा बक्कय्या आणि कुदळवाले चौघे, सहाव्यात पाण्याखाली गेलेलं गाव. निळं पाणी चौथ्या चित्रातून पाचव्यात आणि पाचव्यातून सहाव्यात अखंड वाहत जायचं, ही युक्ती मौनिकाची. प्रत्येक चित्राखाली दोन ओळी, त्या मुलांनी स्वतः जुळवलेल्या. एकेका शब्दावरून भांडणं झाली, पाट्या आपटल्या, कट्टी झाली. निबंध पाठ करणारी मुलं ‘उभा राहिला’ म्हणावं की ‘उभा ठाकला’ यावर अर्धा तास वाद घालत होती!

पोशव्वा आता रोज दुपारी यायची. पायरीवरून व्हरांड्यात, व्हरांड्यातून दारात, अशी सरकत सरकत एक दिवस वर्गात येऊन बसली.

“अरे, त्याला मिशी नव्हती,” ती सायिलुला म्हणाली. “पुसून टाक.”

“मिशीशिवाय हीरो असतो का, अव्वा?”

“माझा होता.”

मुलं खो खो हसली. म्हातारीही तोंडाला पदर लावून हसली. सायिलुने मिशीवर रंग फासला, पण ती अंधूक दिसत राहिली. त्यामुळे बक्कय्याचा वरचा ओठ जरा सुजल्यासारखा वाटायचा. मला त्याचं तेच तोंड आवडायचं.

आता मी ज्याबद्दल बोलणार आहे ते बोलताना माझा धागा न् धागा ओढला जातो. पण नीट सांगतो, कोणावर अन्याय नको.

आमच्या शाळेत मुलींसाठी संडास नव्हता. होता तो पडका, दार नसलेला. मुली सकाळी घरून निघाल्यापासून पाण्याचा घोट घेत नसत. टीचर प्रत्येकीच्या ओठांकडे बघायच्या. कोणाचे सुकलेत, कोणाच्या पोटात दुखतंय, कोण सारखी उठबस करतेय. मौनिका एकदा प्रार्थनेत चक्कर येऊन पडली, तेव्हा टीचरनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि त्यांचा स्वतःचाच चेहरा पांढरा पडला होता.

गावचे सरपंच म्हणजे त्या पटेलांचे नातू. संडास बांधून देतो, असं त्यांनी कबूल केलं होतं. शाळेच्या वार्षिक दिवसाला सगळ्या गावापुढे पट सांगायचा ठरला होता आणि तेच पाहुणे होते. आदल्या दिवशी मुख्याध्यापक नरहरी सार, म्हणजे तुमच्याकडचे सर, वर्गात आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पाचव्या चित्रापाशी थांबले.

“टीचर, इतिहास शिकवा हो. पण पाहुण्यांच्या आजोबांचाच कशाला?”

“सार, खरं आहे ते.”

“असेल. पण खऱ्याला दार नसतं, कडीही नसते. तुमच्या मुलींना दार हवंय ना?” ते जाता जाता वळले. “मी काही म्हणत नाही. पट तुमचा, मुली तुमच्या.”

शाळा सुटली. मुलं गेली. टीचर बराच वेळ बाकावर बसून राहिल्या. मग त्यांनी खोक्यातून मुलांची बोथट कात्री काढली.

मित्रांनो, बोथट कात्रीने कापलं की फार वेळ लागतो. चौथ्या चित्राखालून एकदा, सहाव्याच्या वरून एकदा. ज्या हातांनी मला ताणून धरलं होतं, थर चढताना माझ्यावर धूळ बसू नये म्हणून ओढणीने वारा घातला होता, तेच हात. त्या पुटपुटत होत्या, “फक्त उद्यापुरतं. उद्यापुरतंच.” मग त्यांनी दोन्ही कडा लाल धाग्याने जोडल्या. पण चौथ्यातलं पाणी आणि सहाव्यातलं पाणी जुळेना, दोन बोटांचा फरक राहिला. त्यावर त्यांनी एक कमळ रंगवलं. पाचवं चित्र घडी करून आपल्या टाचणवहीत ठेवलं.

सकाळी मौनिकाला बोलावून त्या म्हणाल्या, “चौथ्यानंतर सहावं सांगायचं. पाचवं आज नाही.”

मौनिकाने कमळाकडे पाहिलं. “आणि पोशव्वा?”

“तिला मी सांगते.”

त्यांनी सांगितलं नाही. सांगायचं होतं, मी पाहिलं. दोनदा दारापर्यंत गेल्या. एकदा सतरंज्या आल्या, एकदा माईकवाला आला. सरपंचांची गाडी आली. आणि मग उशीर झाला.

पोशव्वा पहिल्या रांगेत होती. हिरवी साडी, कडक घड्यांची. केसांना तेल. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच बायांनी सरकून तिला जागा करून दिली होती, कारण पोरांनी घरोघरी सांगून ठेवलं होतं, आज काहीतरी वेगळं ऐकायला मिळणार. तिच्या शेजारणीने तिला सकिनालू, म्हणजे तांदळाच्या पिठाची तळलेली कडी, खायला दिले, ते तिने पदराच्या टोकाला बांधून ठेवले. खाणार कशी? सगळं लक्ष माझ्याकडे होतं तिचं.

मौनिकाने काठी उचलली. पहिलं चित्र. सगळं मैदान म्हणालं, ऊं. दुसरं, ऊं. तिसरं. चौथं, तुडुंब तळं. पोशव्वा ताठ बसली. तिचा हुंकार सगळ्यांत मोठा होता.

काठी क्षणभर हवेत थांबली. मौनिकाने टीचरकडे पाहिलं. टीचर खाली बघत होत्या.

“मग बांध फुटला,” मौनिका भरभर म्हणाली, “गाव पाण्याखाली गेलं, आणि पटेलांनी महिनाभर सगळ्यांना जेवू घातलं.”

सरपंच म्हणाले, ऊं. त्यांच्या मागच्या खुर्च्या म्हणाल्या, ऊं.

“टीचर!” मागून सायिलुचा तो मोठा आवाज आला. “एक चित्र गेलं! बक्कय्या तात कुठाय?”

“पिऊन झोपला असेल!” कोणीतरी ओरडलं.

आणि सगळं मैदान हसलं. ज्या बायांनी जागा करून दिली होती त्याही हसल्या, ती शेजारीणसुद्धा. मित्रांनो, म्हातारीला जो हुंकार हवा होता त्याच्या जागी तिला हे हसू मिळालं, आणि ते तिच्यापर्यंत माझ्यामुळे पोहोचलं. मी त्या दिवशी खांबावर बांधलेला होतो. गुंडाळून घ्यावं म्हटलं तरी मला ते जमणार नव्हतं.

पोशव्वा उठली. माझ्यापाशी आली. कमळावर बोट ठेवलं आणि बोटाने ती शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली.

“बिड्डा,” ती टीचरना म्हणाली, माईकमध्ये नाही, हळू, “मी तुझ्याकडे माझा माणूस ठेवायला दिला होता.”

एवढंच. मग ती गर्दीतून निघून गेली. तिला वाट द्यायला कोणाला सांगावं लागलं नाही.

संडास झाला. खोटं कशाला सांगू? महिन्याभरात झाला, पक्का, आतून कडी असलेला. मुली पाणी पिऊ लागल्या. डब्याबरोबर बाटल्या आणू लागल्या. टीचर त्यांच्या ओठांकडे बघायच्या आणि एकदम नजर फिरवायच्या. सायिलु मात्र त्यांच्या तासाला मोठ्याने बोलेनासा झाला. मौनिकाने चित्रकलेची वही घरी ठेवली ती परत आणली नाही. मला गुंडाळून कपाटावर ठेवलं होतं. गुंडाळलेला असलो की मला दिसत नाही, पण ऐकू येतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आधी एके दुपारी पोशव्वाचा आवाज आला. कडी लागल्याचा आवाज, मग निघाल्याचा, मग परत लागल्याचा.

“बघायला आले,” ती म्हणाली. “चांगली घट्ट आहे.”

टीचर रडायला लागल्या. “अव्वा, माफ करा मला. मुलींसाठी केलं हो. ती मौनिका पडली होती ना त्या दिवशी... मला दुसरं काही सुचलंच नाही.”

“मला विचारायचं होतंस.”

कडी पुन्हा एकदा वाजली.

“मी बाईच आहे ना ग? आयुष्यभर आडोसा शोधत फिरले, मला कळणार नाही का? तू आली असतीस, म्हणाली असतीस, अव्वा, असं असं आहे, तर मीच कात्री काढून दिली असती. अडतीस वर्षं थांबले होते, आणखी चार थांबले असते. पण तू मला तेल लावून, साडी नेसवून, गावापुढे नेऊन बसवलंस. हसायला.”

“ते चित्र आहे माझ्याकडे. जपून ठेवलंय. आणून देते तुम्हाला.”

“मला कशाला? मला तर ठाऊकच आहे.”

मग तिच्या चपलांचा आवाज लांब गेला. त्यानंतर ती शाळेत आली नाही.

जूनमध्ये टीचरची बदली झाली. टाचणवही त्यांच्याबरोबर गेली, माझा तुकडाही गेला. तो आज कुठल्या कपाटात आहे, त्याचा रंग टिकला की वाळवी लागली, मला माहीत नाही. नरहरी सारांनी मला जिल्ह्याच्या शैक्षणिक साहित्याच्या मेळाव्यात पाठवलं. मला पहिलं बक्षीस मिळालं! परीक्षकांनी कमळाचं विशेष कौतुक केलं. म्हणाले, चित्रांमध्ये किती सुंदर विराम घेतलाय. आता दूरदूरच्या शाळांतून शिक्षक येतात, माझ्यावरून आपापले पट करतात. मी ऐकलंय की दोन-तीन शाळांनी त्यांच्या पटावरही चौथ्यानंतर एक कमळ काढलंय.

मित्रांनो, म्हणून माझी एक विनंती आहे. माझी निगा राखा, मला ऊन-पाणी लागू देऊ नका, असं मी म्हणणार नाही. काचेमागे मी उत्तम आहे. तुम्हाला टीचर सांगतील, घरोघरी जा, आजी-आजोबांना विचारा, त्यांची गोष्ट लिहा, रंगवा, सांगा. जरूर करा. असा सुंदर पाठ दुसरा नाही. पण गोष्ट हे कोणीतरी तुमच्या हातात ठेवलेलं लेकरू असतं. ते तुम्ही सांभाळायला घेतलेलं असतं. कधी भीती वाटेल, कधी मोठ्या माणसांची अडचण होईल, कधी काही चांगलं व्हावं म्हणूनच त्यातला एखादा भाग वगळावासा वाटेल. तेव्हा ज्याची गोष्ट आहे त्याच्याकडे आधी जा. तो रागावेल, कदाचित नाही म्हणेल, कदाचित तुमच्यापेक्षा मोठ्या मनाने हो म्हणेल. पण त्याला बोलू द्या.

फार लांब जावं लागत नाही. सायिलुने एकदा खेळता खेळता मोजलं होतं. शाळेच्या फाटकापासून पोशव्वाच्या दारापर्यंत ऐंशी पावलं होती, आणि दुपारी ते दार उघडंच असायचं.